कागदावरचा मोरपंखी

"हा रंग न्हवं बघा आमच्या साडीचा."

दुकान बेळगावच्या खडे बाजारातलं असो, निपाणीतलं असो की खानापूरच्या स्टँडजवळचं, लग्नसराईत फोटो छापून देणाऱ्याच्या काउंटरवर हे वाक्य ऐकू येतंच. साडी शहापूरच्या पेठेतून घेतलेली, अंग मोरपंखी, काठ राणी. मोबाईलवर ती लखलखते आणि हातातल्या प्रिंटमध्ये कुणीतरी वर राखेची चिमूट भुरभुरल्यासारखी दिसते. मग छापणारा प्रिंटरला बोल लावतो, प्रिंटर विकणारा शाईला आणि शाई विकणारा कागदाला. तेवढ्यात कुणीतरी सॅच्युरेशनची, म्हणजे रंगाच्या भडकपणाची, पट्टी उजवीकडे ओढतो. साडी थोडी उजळते, पण नवरीचा चेहरा विटकरी होतो. एका तावाचे चार ताव वाया जातात आणि रंग हुकलेलाच राहतो.

या हळहळीतली खरी गोष्ट अशी की तो मोरपंखी बहुतेक वेळा प्रिंटरमध्ये हरवलेलाच नसतो. तो त्याआधी गेलेला असतो. कुठे गेला ते शोधायचं तर आधी एक समजूत सोडावी लागते: फाइलमध्ये रंग असतो ही.

फाइलमध्ये आकडे असतात. प्रत्येक ठिपक्याला तीन, लाल, हिरवा आणि निळा, ० ते २५५ या पट्टीवर. समजा साडीच्या एका ठिपक्याचे आकडे ०, १२८, १२८ आहेत. पण कोणत्या हिरव्याचे १२८? किती गडद हिरव्याचे? आकडा हे सांगत नाही. सीमाभागातल्या माणसाला हा घोळ समजावायला फार लांब जावं लागत नाही. 'मने' हा उच्चार मराठी घरात ऐकला तर माणसांची मनं, भिंतीपलीकडच्या कन्नड घरात ऐकला तर राहतं घर. उच्चार तोच असला तरी बोलणारा कोणत्या भाषेत बोलतोय हे ठाऊक झाल्याशिवाय अर्थ लागत नाही. फाइलला चिकटलेला प्रोफाइल नेमकं हेच सांगतो: हे आकडे अमुक भाषेतले आहेत.

सगळ्यात जास्त बोलली जाणारी भाषा एसआरजीबी. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ती १९९६ मध्ये तेव्हाच्या काचेच्या मॉनिटरवरून बेतली. १९९८ साली अ‍ॅडोबी आरजीबी आली, ती छपाईच्या शाया डोळ्यांसमोर ठेवून. या दोघींतला फरक सगळीकडे सारखा नाही आणि आपल्या साडीची गोष्ट तिथेच आहे. लाल आणि निळ्याची टोकं दोन्हींत जवळपास तीच. फरक आहे तो हिरव्या-निळ्याच्या मधल्या पट्ट्यात. अ‍ॅडोबी आरजीबी तिथे कितीतरी पुढे जाते, एसआरजीबी तोकडी पडते. मोर जिथे राहतो तो हाच पट्टा.

चांगल्या चकचकीत कागदावर सहा शाईंचा इंकजेट या हिरव्या-निळ्या भागात एसआरजीबीच्या बाहेरचे रंग सहज छापतो. गर्द पिवळ्याचंही तसंच. म्हणजे साडीचा मोरपंखी कागदावर उतरवायची ताकद प्रिंटरमध्ये होती, पण कॅमेऱ्याने एसआरजीबीत जेपेग बनवतानाच तो रंग कुंपणाच्या आत दाबला. एकदा दाबलेला रंग पुढे कुठलीही पट्टी ओढून परत येत नाही. म्हणून साड्या, दागिने, पैठणीचे काठ असं काही छापायचं असेल तर रॉमध्ये टिपा, म्हणजे कॅमेऱ्याने जेपेग न बनवता जसंच्या तसं ठेवलेल्या फाइलमध्ये. रॉ उघडताना अ‍ॅडोबी आरजीबी किंवा प्रोफोटो निवडा, १६ बिटमध्ये. प्रोफोटो ही तिसरी भाषा इतकी ऐसपैस आहे की ८ बिटमध्ये, म्हणजे ० ते २५५ च्या पट्टीवर, तिच्या छटांना पायऱ्या पडतात, त्यामुळे तिथे १६ बिट ही चैन नाही. साध्या मॉनिटरवर तो जादाचा मोरपंखी दिसणार नाही. तरी तो फाइलमध्ये असतो आणि कागदावर दिसतो. पडद्यापेक्षा प्रिंट सरस निघू शकते हे फार थोडे लोक धरून चालतात, म्हणून ते मुद्दाम सांगतो.

ज्यांच्याकडे फक्त मोबाईलचा फोटो येतो त्यांनी निदान दोन गोष्टी पाहाव्यात. आयफोन २०१६ पासून डिस्प्ले पी३ या वेगळ्या भाषेत फोटो टिपतो, तो प्रोफाइल काढून टाकू नका. आणि गिऱ्हाइकाला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून पाठवला की तो लहान होऊन, दाबून येतो.

आता फोटोशॉपमधल्या दोन आज्ञा, ज्यांची गल्लत सगळ्यात जास्त नुकसान करते: असाइन प्रोफाइल आणि कन्व्हर्ट टू प्रोफाइल. असाइन म्हणजे शब्द तोच ठेवून भाषा बदलल्याचं जाहीर करणं. आकडे तेच राहतात, दिसणं बदलतं. कन्व्हर्ट म्हणजे भाषांतर. दिसणं तेच राहतं, त्यासाठी आकडे बदलतात. अ‍ॅडोबी आरजीबीच्या फाइलवर चुकून एसआरजीबी असाइन केलं की सगळं मरगळतं, कातडी करडी-हिरवट होते. उलट केलं तर चेहरे लालबुंद. असाइन वापरायचं ते फक्त प्रोफाइलच नसलेल्या अनाथ फाइलवर आणि तिथे पहिला अंदाज एसआरजीबीचा. बाकी सगळीकडे कन्व्हर्ट. कलर सेटिंग्जमध्ये 'प्रिझर्व्ह एम्बेडेड प्रोफाइल्स' ठेवा आणि प्रोफाइल नसेल तेव्हा विचारण्याची खूण चालू करा.

ऑफसेट छापखान्यात डीटीपी करून या कामात आलेल्यांची एक सवय मोडावी लागते, ती म्हणजे फाइल आधी सीएमवायके, म्हणजे चार शायांच्या आकड्यांत, करणं. प्रिंटरच्या टाक्यांत सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी असली तरी घरगुती आणि दुकानातल्या इंकजेटचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकातलं प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, आरजीबीच मागतो. सीएमवायके दिलं तर ते परत आरजीबीत वळवलं जातं. दोनदा भाषांतर होतं आणि मोरपंखी पहिल्याच फेरीत गळतो.

मॉनिटरकडे वळू. "प्रिंट काळी आली" ही या धंद्यातली सगळ्यात मोठी तक्रार आणि दहातल्या नऊ वेळा दोष मॉनिटरच्या उजेडाचा. नवा मॉनिटर कारखान्यातून २५० ते ३०० कँडेला प्रति चौरस मीटर या उजेडाच्या मापावर येतो. कागद स्वतः प्रकाश देत नाही, खोलीतला उजेड परत फेकतो. छपाईसाठी मॉनिटर ८० ते १२० कँडेलावर हवा, पांढरा बिंदू ६५०० केल्विन, गॅमा २.२. कॅलिब्रेटर, म्हणजे पडद्याचा रंग आणि उजेड मोजणारं यंत्र, घेतला तर सगळ्यात बरं. मॉनिटर अर्धा तास तापू द्यायचा, मग मोजायचं आणि महिन्याने पुन्हा. तो नसेल तर हा उपाय करा: ज्या उजेडात प्रिंट पाहणार त्या उजेडात कोरा फोटो पेपर मॉनिटरशेजारी धरा, पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा आणि दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. सुरुवातीला पडदा विझल्यासारखा वाटेल. दोन दिवसांत डोळा सरावतो. नाइट लाइट, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, 'व्हिव्हिड' असल्या सगळ्या सोयी बंद करा. स्वस्त लॅपटॉपवर मान जराशी हलवली की सावल्या बदलतात, त्यावर काळ्या-करड्याचे निर्णय घेऊ नका.

आणि प्रिंटर. एप्सनचे एल८०५, एल१८०० किंवा नंतरचे एल८०५०, एल१८०५० हे सहा शाईंचे टाकीवाले प्रिंटर आपल्याकडच्या दुकानांत सर्रास दिसतात: नेहमीच्या चार शाया, शिवाय फिका सायन आणि फिका मॅजेंटा. या दोन फिक्या शाया चेहऱ्याचे गाल आणि आभाळ मऊ ठेवतात. रंग बिघडला की सॉफ्टवेअर उघडायच्या आधी नोझल चेक, म्हणजे शाईची सगळी छिद्रं मोकळी आहेत का ते दाखवणारा रेघांचा नमुना, छापा. फिक्या मॅजेंटाच्या रेघा तुटल्या असतील तर कातडी हिरवट होते, फिका सायन अडला तर करड्यात लाली येते. ही अडचण प्रोफाइलने सुटत नाही. नुसत्या काळ्या-पिवळ्याची रेघ नीट दिसली म्हणून पुढे जाऊ नका. फिक्या रेघा उजेडात तिरका कागद धरूनच दिसतात. प्रिंटर आठवड्यातून एकदा तरी सहाही रंगांचं काही छापत राहिला की नोझल सुकत नाही. हेड क्लीनिंगवर हेड क्लीनिंग करणं म्हणजे शाई सांडणं. दोनदा करून सुटलं नाही तर काही तास थांबून पुन्हा नोझल चेक.

प्रोफाइल प्रिंटरचा असतो असं म्हणतात, ते अर्धंच खरं. तो प्रिंटर, शाई, कागद आणि ड्रायव्हरमध्ये निवडलेला कागदाचा प्रकार, म्हणजे मीडिया टाइप, या चौघांचा मिळून असतो. यातलं एक बदललं की तो प्रोफाइल दुसऱ्याचा चष्मा होतो. एप्सनच्या ग्लॉसीचा प्रोफाइल बाजारातल्या बिननावाच्या १८० जीएसएम ग्लॉसीवर लावला तर कधी जवळ येईल, कधी नाही. टाकीत दुसऱ्या कंपनीची स्वस्त शाई भरली तर नक्कीच नाही. स्वस्त शाई वापरू नये असं माझं म्हणणं नाही. धंद्याचं गणित ज्याचं त्याला. पण शाई वापरायची तर तीच, एकाच ठिकाणची, कायम वापरा आणि तिच्यासाठी प्रोफाइल बनवून घ्या. दर बाटलीला शाई बदलणाऱ्या दुकानात रंग जुळत नाहीत, त्याला कुणाचाच इलाज नाही.

प्रोफाइल बनवणं अवघड नाही, शिस्तीचं आहे. काही शे रंगचौकोनांचा तक्ता छापायचा, रंगाची सगळी ढवळाढवळ बंद ठेवून. ही सोय फोटोशॉपमधून सीएस५ पासून निघाली. त्यासाठी अ‍ॅडोबीचं कलर प्रिंटर युटिलिटी नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे. छापलेला ताव २४ तास मोकळा सुकू द्यायचा. चकचकीत कागद हाताला लगेच कोरडा लागतो, पण शाईतला ओलावा आत मुरत असतो आणि रंग तेवढा वेळ सरकत राहतो. मग स्पेक्ट्रोफोटोमीटर या कागदावरचा रंग मोजणाऱ्या यंत्राने चौकोन वाचायचे. मॉनिटरचा साधा कॅलिब्रेटर कागद वाचू शकत नाही, ही दोन वेगळी यंत्रं आहेत. मोजमापावरून प्रोफाइल घडवायला आर्जिल हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. यंत्र महाग आहे, म्हणून चार-पाच दुकानदारांनी मिळून एक घ्यावं असं मला मनापासून वाटतं. भिशी चालवणाऱ्या बाजाराला हे जड नाही.

तयार प्रोफाइलची आयसीसी फाइल विंडोजमध्ये उजव्या क्लिकने 'इन्स्टॉल प्रोफाइल' म्हटलं की बसते. फोटोशॉप आधीच उघडं असेल तर बंद करून पुन्हा उघडा.

छापतानाचा मुख्य नियम: भाषांतर एकदाच आणि एकानेच करायचं. प्रिंटच्या खिडकीत 'फोटोशॉप मॅनेजेस कलर्स' निवडा, त्याखाली आपल्या कागदाचा प्रोफाइल. मग प्रिंट सेटिंग्जमध्ये जाऊन ड्रायव्हरला गप्प बसवा. एप्सनमध्ये कलर करेक्शनला कस्टम, अ‍ॅडव्हान्स्ड आणि तिथे 'नो कलर अ‍ॅडजस्टमेंट'. कॅननमध्ये कलर-इंटेन्सिटी मॅन्युअल करून मॅचिंगला 'नन'. मीडिया टाइप तोच ठेवा जो प्रोफाइल बनवताना होता, कारण शाई किती सोडायची ते मीडिया टाइपवर ठरतं. प्लेन पेपर निवडून ग्लॉसी घातला तर तिथेच सगळं फसतं. ही मांडणी प्रीसेट म्हणून जतन करा आणि नाव कागदाचं द्या.

ड्रायव्हर गप्प बसवायचा राहिला तर दोघेही भाषांतर करतात. त्याची खूण ठरलेली: प्रिंट एकदम लालसर-मॅजेंटा, गडद, चेहऱ्यावर उन्हाने भाजल्यासारखी झाक. अशी प्रिंट पाहिली की फोटोत मॅजेंटा कमी करत बसू नका, आधी ही खिडकी उघडून पाहा. उलट, दोघेही गप्प राहिले तर प्रिंट फिकी, मरगळलेली आणि बहुधा थोडी हिरवी येते. प्रोफाइल हातात नसेल तर सरळ 'प्रिंटर मॅनेजेस कलर्स' ठेवा, कंपनीचाच कागद घ्या आणि मीडिया टाइप बरोबर निवडा. अर्धवट प्रोफाइलपेक्षा हे कधीही चांगलं.

कागदावर नसलेल्या रंगाचं काय करायचं, हा भाषांतरातला जुनाच प्रश्न. दुसऱ्या भाषेत प्रतिशब्दच नाही तेव्हा भाषांतरकार दोन वाटांनी जातो. एक वाट रिलेटिव्ह कलरिमेट्रिकची: जे शब्द आहेत ते नेमके ठेवा, नसलेल्याला सगळ्यात जवळचा द्या. दुसरी पर्सेप्चुअलची: सगळ्या परिच्छेदाचाच सूर थोडा उतरवा, म्हणजे शब्दांमधलं अंतर राहील. माणसांच्या फोटोंना मी पहिली वाट धरतो, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशनची (फोटोतला काळा कागदाच्या काळ्याला जुळवण्याची) खूण करून, कारण कातडीचे रंग कागदाच्या आवाक्यातच असतात आणि त्यांना उगाच हलवायचं नसतं. गर्द साड्यांच्या घड्या, झेंडूच्या राशी, जिथे एकाच भडक रंगात दहा छटा आहेत, तिथे पहिल्या वाटेने त्या छटा एकमेकींत मिसळून सपाट ढब्बा होतो. तिथे पर्सेप्चुअल करून पाहावं. मात्र तो फोटोत काय आहे ते पाहत नाही, भडक रंग नसले तरी सरसकट सूर उतरवतो. अ‍ॅब्सोल्यूट हा तिसरा पर्याय दुसऱ्या छपाईचा नमुना काढण्यासाठी आहे, फोटोसाठी नाही.

हळदीचा पिवळा सोपा. पिवळी शाई त्या बाबतीत उदार आहे. हळदीच्या फोटोत खरी अडचण चेहऱ्याची असते. पिवळ्या अंगावरून आणि मांडवाच्या कापडावरून उसळलेला उजेड गालांवर बसतो, ऑटो व्हाइट बॅलन्स तो पुसायला जातो आणि हळद लिंबोळी होते. तिथे व्हाइट बॅलन्स एखाद्या पांढऱ्या टोपीवरून किंवा उपरण्यावरून हाताने घ्या.

कठीण आहे तो निळा. बेळगावच्या शिवजयंतीला चित्ररथ निघतात, रात्र असते, एलईडीचे निळे झोत. त्या निळ्याइतका शुद्ध निळा शाईत नाहीच, तो सायन आणि मॅजेंटा मिसळून करावा लागतो. वर, ज्या लॅब मापनपद्धतीत प्रोफाइल भाषांतर करतात ती १९७६ ची पद्धत निळ्याच्या बाबतीत थोडी वाकडी आहे. निळ्याचा भडकपणा तिच्या रेषेवरून कमी केला की तो जांभळ्याकडे घसरतो. म्हणून पडद्यावर निळा आणि कागदावर जांभळा. छापायच्या आधी निळ्याचा ह्यू, म्हणजे रंगाची मूळ जात, जरासा सायनकडे न्या आणि फक्त निळ्याचं सॅच्युरेशन उतरवा. चेहऱ्यावरच झोत असेल आणि निळी वाहिनी २५५ ला टेकून फाटली असेल तर तो फोटो कृष्णधवल करणं हाच सन्मान.

हे सगळं कागद न घालवता पाहता येतं. व्ह्यूमध्ये प्रूफ सेटअप, कस्टम, तिथे आपला प्रोफाइल आणि वाट निवडा. मग कंट्रोल-वाय दाबत आलटून पालटून पाहा. 'सिम्युलेट पेपर कलर' चालू केलं की फोटो एकदम मलूल होतो आणि माणूस घाबरून ते बंद करतो. बंद करू नका. खूण करताना दुसरीकडे पाहा, मग फोटो पूर्ण पडदाभर करून अर्धा मिनिट थांबा. डोळा कागदाच्या पांढऱ्याला सरावला की जे दिसतं ते प्रिंटच्या बरंच जवळचं.

कसोटीसाठी आपला फोटो घेऊ नका. करड्या पायऱ्या, वेगवेगळ्या वर्णांची कातडी, गडद सावल्या असलेलं एक ठरलेलं चाचणीचित्र ठेवा. ते बरोबर आलं आणि लग्नाचा फोटो बिघडला तर दोष फोटोत आहे. तेच बिघडलं तर फोटोला हात लावू नका. करड्याची आणखी एक चांगली परीक्षा आपल्या गावातच आहे. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराचे काळ्या दगडाचे खांब ढगाळ दिवशी टिपून कृष्णधवल छापा. त्या घासून गुळगुळीत केलेल्या दगडात काळ्यापासून रुपेरीपर्यंत सगळ्या पायऱ्या आहेत. खांबाच्या एका बाजूला हिरवी आणि दुसऱ्या बाजूला गुलाबी झाक दिसली तर प्रोफाइल नव्याने करायची वेळ आली.

रेझोल्यूशनचा रंगाशी संबंध नाही, तरी एवढं असू द्या: ४ बाय ६ ला १२०० बाय १८००, ८ बाय १० ला २४०० बाय ३००० ठिपके पुरेत.

पावसाळा मात्र सविस्तर सांगावा लागतो. खानापूरकडे जून ते सप्टेंबर भिंतीही ओल्या असतात आणि उघडं पाकीट हवेतला ओलावा पितं. अशा तावावर शाई पसरते, काळ्याची धार जाते, कडा वर वळून हेडला घासतात. पाकिटातून लागतील तेवढेच ताव काढा, बाकीचे मूळ प्लॅस्टिकमध्ये बंद करून हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. छापलेल्या प्रिंटा एकमेकींवर रचू नका आणि २४ तासांच्या आत लॅमिनेशन करू नका. आत अडकलेला ओलावा पुढे रंग पसरवतो. चकचकीत लॅमिनेशनने रंग गडद होतात, मॅटने काळा करडा पडतो, तेव्हा गिऱ्हाइकाला नमुना दाखवायचा तो लॅमिनेशन चढवूनच.

शेवटचा घोळ उजेडाचा. साडीचा रंग रेशमावर चढवलेल्या रंगद्रव्याचा, प्रिंटचा रंग शाईचा. दोन्ही एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्या उजेडात फुटतात, कारण डोळ्याला सारखे वाटले तरी ते प्रकाशाचे वेगवेगळे तुकडे परत पाठवतात. शिवाय फार पांढऱ्या कागदात चमक आणणारं रसायन असतं. उन्हातल्या अतिनीलाने ते निळसर पेटतं, पिवळ्या बल्बखाली विझतं आणि काही वर्षांनी कागद पिवळटतो. प्रोफाइल ५००० केल्विनच्या उजेडासाठी बनतात. दुकानातले एलईडी बहुतेक ६५०० चे, निळसर. काउंटरवर एक ५००० केल्विनचा, ९० पेक्षा जास्त सीआरआयचा (दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचं माप) दिवा लावा आणि प्रिंट फक्त त्याच्याखाली द्या.

प्रत्येक चाचणी-पट्टीच्या मागे पेनने लिहून ठेवा: कागद, पाकिटाची तारीख, शाई, मीडिया टाइप, प्रोफाइल, वाट. ४ बाय ६ च्या एका तावातून तीन पट्ट्या निघतात, एकीवर रिलेटिव्ह, दुसरीवर पर्सेप्चुअल, तिसरी रॉमधून अ‍ॅडोबी आरजीबीत काढलेली. २४ तास सुकलेल्या पट्ट्या घेऊन उंबऱ्याशी जा, सकाळी दहाच्या सुमारास, ऊन थेट पडत नसेल तिथे. साडीची एक घडी उलगडून पदराच्या अंगावर तिन्ही पट्ट्या ठेवा, काठापासून थोड्या दूर, म्हणजे राणी रंग डोळ्याला फसवणार नाही. जी पट्टी कापडात बुडून कडाच दिसेनाशा होतात तिच्यामागचं लिहिलेलं वाचा.